टॉवेल कारखान्याचा डेटाबेस क्लाउडवर : कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं काम आज रीतसर सुरू. ऑर्डर घ्यायचं वेब ॲप्लिकेशन जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये बरंचसं लिहून झालंय, पण डेटाबेस अजून माझ्या लॅपटॉपवरच आहे. कारखान्यात सध्याची व्यवस्था म्हणजे दिवाणजींच्या टेबलाखाली एक जुना पीसी, त्यात वर्षावार एक्सेलच्या फायली आणि रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घेतलेली कॉपी. पेनड्राइव्ह दिवाणजींच्या खिशातून घरी जातो. बॅकअप दुसऱ्या जागी ठेवावा, हा नियम इथं कुणी न सांगता पाळला जातोय.

मालकांना एवढंच हवंय : बाहेरगावच्या व्यापाऱ्यानं मोबाइलवरून ऑर्डर टाकावी, शिल्लक माल त्याला दिसावा, बिल निघावं, बाकी कळावी. "पीसी आहे की आमचा, त्यातच बसवा," म्हणाले. वीज गेली की तो पीसी जातो, आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याला आपल्या विजेशी देणंघेणं नाही, एवढं सांगितल्यावर पटलं.

डेटाबेस रिलेशनलच, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांचा, हवा, यावर चर्चेची गरज नव्हती. व्यापारी, त्याची ऑर्डर, ऑर्डरीतल्या ओळी, त्यावरचं बिल, बिलापोटी आलेले पैसे ही सगळी एकमेकांत गुंतलेली माहिती. ज्या व्यापाऱ्याच्या नावावर बिल आहे तो चुकूनही पुसता येऊ नये, हे फॉरेन कीनं, म्हणजे एका टेबलाला दुसऱ्याशी बांधणाऱ्या दुव्यानं, डेटाबेसच सांभाळतो; प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर सोडावं लागत नाही. त्यासाठी मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर चाललं असतं. पोस्टग्रेस घेतोय, कारण हात त्यावर बसलाय, आणि मराठी अकारविल्हेची सोय त्यात चांगली आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

डेटाबेस कुठं ठेवायचा? ॲमेझॉनच्या आरडीएस या भाड्याच्या डेटाबेस सेवेवर, मुंबई रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांच्या गटात. मुंबईचं रीजन २०१६ पासून आहे, हैदराबादचं २०२२ च्या अखेरीस आलं. सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं जवळ, म्हणून सहकारीण म्हणाली तिकडेच ठेवू. पण इंटरनेटचा मार्ग एसटीच्या मार्गानं जात नाही, आणि आपल्याला लागणाऱ्या सेवा मुंबईत आधीपासून आहेत.

खरा प्रश्न वेगळाच होता. आधीच्या माणसानं ॲप्लिकेशनचं चाचणीचं सर्व्हर सिंगापूरला ठेवलं होतं. ते तिथंच ठेवून डेटाबेस मुंबईत आणला तर काय होईल, हे कागदावर मांडलं. मुंबई ते सिंगापूर एका फेरीला साधारण ६० मिलीसेकंद. ऑर्डरींची यादी उघडताना सध्या ४० च्या आसपास क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, जातात. म्हणजे जवळजवळ अडीच सेकंद नुसते येण्याजाण्यात. दोन्ही एकाच रीजनमध्ये असतील तर हीच फेरी मिलीसेकंदाच्या आसपास. सर्व्हर मुंबईला हलवायचं ठरलं. ४० क्वेऱ्याही जास्तच आहेत. प्रत्येक ऑर्डरीसाठी व्यापाऱ्याचं नाव वेगळं विचारलं जातंय. ते जोडून एकदाच विचारायचं काम सहकारिणीकडे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डेटाबेस उभा केला. स्क्रीनवरचा फॉर्म सोपा दिसतो आणि शेवटचं बटण दाबायची घाई होते. पण त्यातल्या काही गोष्टी पुढं बदलता येतात आणि काही येत नाहीत, म्हणून प्रत्येक चौकोनावर थांबलो.

डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करायचा तो आत्ताच. चालू डेटाबेसवर नंतर ते लावता येत नाही. स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घ्या, त्याची एन्क्रिप्टेड कॉपी काढा, त्यातून नवा उभा करा, असा लांबचा वळसा पडतो. डिस्क २० जीबी. ती वाढवता येते, कमी करता येत नाही, म्हणून आधीच जास्त मागण्यात अर्थ नाही. आपोआप वाढायची सोय चालू ठेवली आणि तिला वरची मर्यादा घातली. मशीन सर्वांत लहानांपैकी, १ जीबी मेमरीचं टी४जी मायक्रो. या जातीच्या मशीनला प्रोसेसरचं क्रेडिट मिळतं : काम नसताना साठतं, गर्दीत खर्च होतं. दिवसभर तुरळक ऑर्डरी आणि महिनाअखेर बिलांची झुंबड, या चालीला ते बरोबर बसतं. डेटाबेस चुकून पुसला जाऊ नये म्हणून डिलीशन प्रोटेक्शन चालू. बाहेरून सरळ प्रवेश बंद. आपोआप होणारे बॅकअप १४ दिवसांचे. कमाल ३५ ठेवता येतात.

बॅकअपची आणि देखभालीची वेळ तिथं यूटीसीत, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेत, भरायची असते. आपल्याला पहाटे दोनला बॅकअप हवा, तर २०:३० लिहायचं. देखभाल सोमवारी पहाटे तीनला हवी, तर तिथं वार रविवार आणि वेळ २१:३०. वार बदलतो, हे लक्षात ठेवलं नाही तर चांगल्या कामाच्या दिवशी मधेच रीस्टार्ट होतो.

मल्टी-एझेडवर मालकांशी बोललो. त्यात दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये तंतोतंत जोडीदार चालू राहतो आणि मुख्य मशीन पडलं की साधारण एकदोन मिनिटांत तो काम हातात घेतो. खर्च जवळपास दुप्पट. मालक म्हणाले, "लूम अर्धा तास बंद पडतं तेव्हा आम्ही चहा पितो. बिल थांबलं तर हातानं लिहू." सध्या एकच मशीन. पण त्यांना हेही सांगितलं की जोडीदार असला तरी चुकीनं पुसलेली नोंद त्याच्याकडेही त्याच क्षणी पुसली जाते. त्यावर इलाज बॅकअपच.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज दारं-खिडक्या. पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट फक्त ॲप्लिकेशनच्या सिक्युरिटी ग्रुपसाठी, म्हणजे कुणाला आत घ्यायचं त्या नियमांच्या गटासाठी, उघडं. आयपीचा आकडा लिहायचाच नाही, ग्रुपनं ग्रुपला ओळखायचं. माझ्या ऑफिसच्या ब्रॉडबँडचा आयपी कधीही बदलतो, त्यामुळे "माझा आयपी" म्हणून परवानगी देणं म्हणजे उद्या ती दुसऱ्याच कुणाच्या घरी जाणं. मला डेटाबेस पाहायचा असेल तेव्हा एसएसएच टनेल या सुरक्षित वाटेनं, ॲप्लिकेशनच्या सर्व्हरमधून.

आरडीएसवर पोस्टग्रेसचा खरा सुपरयूजर, म्हणजे सगळे हक्क असलेला वापरकर्ता, आपल्याला मिळत नाही, आरडीएस-सुपरयूजर नावाची थोडी आखूड भूमिका मिळते. तीही ॲप्लिकेशनला द्यायची नाही. तीन भूमिका केल्या : एक टेबलं बनवणारी, एक रोजच्या वाचण्या-लिहिण्याची, एक फक्त वाचणारी. तिसरी दिवाणजींच्या रिपोर्टांसाठी. पोस्टग्रेस १६ घेतलंय. १५ पासून पब्लिक स्कीमात, म्हणजे टेबलांच्या मूळच्या कप्प्यात, कुणीही टेबल बनवावं ही जुनी मोकळीक गेली आहे, त्यामुळे मायग्रेशन चालवणाऱ्या, म्हणजे टेबलं बनवणाऱ्या, भूमिकेला हक्क मुद्दाम द्यावा लागला. नवी टेबलं आली की इतर दोघींना आपोआप हक्क मिळावेत म्हणून डीफॉल्ट प्रिव्हिलेजही लिहिले.

एसएसएलशिवाय, म्हणजे एन्क्रिप्शन नसलेली, जोडणी आरडीएस पोस्टग्रेस १५ पासून मुळातच नाकारतं. पण नुसतं एन्क्रिप्शन म्हणजे पलीकडे आपलाच डेटाबेस आहे याची खात्री नव्हे. सर्टिफिकेट ॲप्लिकेशनच्या बाजूला ठेवून ते ताडून पाहणारं व्हेरिफाय-फुल लावलं. पासवर्ड ॲमेझॉनच्या सीक्रेट्स मॅनेजरमध्ये. कोड ठेवतो त्या गिटमध्ये नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवाणजींच्या एक्सेल फायली आल्या. उघडल्यावर व्यापाऱ्यांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि चौकोन. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टात टाइप केलेलं आहे हे सगळं. दिवाणजींच्या पीसीवर तो फॉन्ट आहे म्हणून त्यांना वाचता येतं. अशा फॉन्टात अक्षर दिसतं त्या क्रमानं साठवतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोडात उलट. नुसतं अक्षराला अक्षर बदलून "किर्ती" नीट येत नाही. वेलांटी उचलून व्यंजनानंतर आणि रफार उचलून आधी न्यावा लागतो. जोडाक्षर असलं तर वेलांटी पूर्ण जोडाक्षरानंतर. छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. तिचं आउटपुट दिवाणजी स्वतः डोळ्याखालून घालणार.

मोबाइल नंबर एक्सेलनं काही ठिकाणी ९.८ई+०९ असे करून ठेवलेत. ते मूळ वहीतून घ्यायचे. कॉलम टेक्स्टचाच. पोस्टग्रेसच्या इंटिजरची कमाल २,१४,७४,८३,६४७, त्यात आपला दहा आकडी मोबाइल मावतच नाही. आणि नंबरांची बेरीज कुणी करणार नाहीये.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दिवाणजींसोबत दिवसभर नावं. एकच माणूस "येमुल", "येमूल" आणि "यमुल" अशा तीन नावांनी तीन वर्षांच्या फायलीत. आडनाव तेलुगू, लिहिणारा मराठी, ज्याला जसं ऐकू आलं तसं. मशीनला हे तीन व्यापारी, दिवाणजींना एकच, "आणि त्याचा मोठा भाऊ निराळा बरं का, त्याची उधारी यात घालू नका." कुठलंही सॉफ्टवेअर हे सांगू शकलं नसतं. व्यापाऱ्याला स्वतःचा क्रमांक दिला, जीएसटी क्रमांकाच्या कॉलमला युनिक लावलं, आणि नावाची जुनी रूपं वेगळ्या टेबलात ठेवली म्हणजे शोधताना कुठल्याही रूपानं सापडेल.

एक बारीक गोष्ट. "ॲ" युनिकोडात एका अक्षराचाही असतो आणि "अ"वर चंद्र देऊन दोन अक्षरांचाही. डोळ्याला दोन्ही सारखे, डेटाबेसला वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. आत शिरतानाच बदलून घेतोय. "ऱ्य"चंही तसंच, काही कीबोर्ड त्यात न दिसणारा जोडक टाकतात.

मग अकारविल्हे. काही न सांगता यादी लावली तर "क्षीरसागर" क मध्ये जातो आणि "कळंब" "कवठे"च्या आधी येतं. दिवाणजी क्षीरसागर शोधायला थेट यादीच्या तळाशी गेले, ह च्याही खाली, कारण वहीत तो तिथंच असतो. नावांच्या आणि गावांच्या कॉलमला आयसीयू या भाषांच्या लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे क्रम लावायचे नियम, लावलं. ळ, क्ष, ज्ञ ह नंतर गेले. दिवाणजींनी स्क्रोल करून पाहिलं, मान हलवली आणि पुढची फाइल काढली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला गाडी नेण्यात अर्थ नाही. अलार्म तेवढे घरून लावले : डिस्क उरली किती, क्रेडिट उरलं किती, जोडण्या किती.

३ मार्च, सोमवार

बिलाच्या नंबरावर आज बराच वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

बिलांच्या टेबलात नंबर सीक्वेन्समधून, म्हणजे डेटाबेसच्या आकडे देणाऱ्या यंत्रणेतून, येत होता, जसा बहुतेक ठिकाणी असतो. चाचणीत एक बिल मधेच फेल झालं आणि पुढच्या बिलाला एक नंबर सोडून नंबर मिळाला. दिवाणजी म्हणाले, "मधला कुठं गेला? ऑडिटर मला धरंल, तुमच्या क्लाउडला न्हाई."

ते बरोबर आहेत. जीएसटीच्या नियम ४६ नुसार बिलाचा नंबर सलग मालिकेतला, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा. पोस्टग्रेसचा सीक्वेन्स हे वचन देतच नाही. त्यानं एकदा आकडा दिला की व्यवहार रोलबॅक झाला, म्हणजे मागं फिरला, तरी तो परत घेत नाही, कारण परत घ्यायचा तर बाकीच्यांना थांबवावं लागेल. शिवाय सर्व्हर अचानक पडला तर ३२ पर्यंत आकडे एका झटक्यात गळू शकतात. वेग राखण्यासाठी तो तेवढे पुढचे आधीच नोंदवून ठेवतो. आतल्या क्रमांकासाठी हे अगदी ठीक. कायदेशीर नंबरासाठी नाही.

म्हणून वेगळं टेबल केलं : आर्थिक वर्ष, मालिका, शेवटचा नंबर. बिल बनताना त्या ओळीला सिलेक्ट फॉर अपडेटनं कुलूप, एकानं वाढव, बिल लिही, मग कमिट, म्हणजे पक्कं. सगळं एकाच व्यवहारात. बिल फेल झालं तर वाढवलेला आकडाही मागं फिरतो. दोघांनी एकाच वेळी बिल काढलं तर दुसरा क्षणभर थांबतो. मोठ्या ऑनलाइन दुकानाला हे परवडणार नाही, इथं दोन टेबलांवरून बिलं निघतात. रद्द झालेलं बिल पुसायचं नाही, "रद्द" म्हणून राहील. रोजच्या भूमिकेकडून त्या टेबलावरचा डिलीटचा हक्कच काढून घेतला.

दिवाणजींनी मधूनच ऑर्डर तोडून बघितली, पुन्हा बिल काढलं. नंबर सलग. "आता असू द्या," म्हणाले.

८ मार्च, शनिवार

दर, वजन, रक्कम सगळं न्यूमेरिक, म्हणजे नेमक्या दशांशांत. अंदाजे साठवणाऱ्या फ्लोटमध्ये ०.१ नीट बसत नाही आणि पैसा-पैसा सरकत वर्षअखेरीला ताळा लागत नाही. टॉवेल कुणी डझनानं घेतो, कुणी किलोनं, कुणी नगावर. एकक प्रत्येक ओळीत लिहिलं जाईल, गृहीत धरायचं नाही. महाराष्ट्रातला व्यापारी असला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, बाहेरचा असला तर आयजीएसटी. हे राज्याच्या कोडवरून ठरेल, बिल करणाऱ्याच्या आठवणीवरून नाही.

१२ मार्च, बुधवार

रात्री माल भरणाऱ्या गाड्यांची नोंद पहाटे होते. आजच्या रिपोर्टात त्या आदल्या दिवशी दिसल्या. कारण साधं : डेटाबेस वेळ यूटीसीत ठेवतो, आणि तारीख काढताना यूटीसीचीच काढली तर आपल्या पहाटे साडेपाचपर्यंतचं सगळं कालच्या खात्यात पडतं. वेळेचा कॉलम टाइमझोनसकट आहे, त्यामुळे मूळ नोंद बरोबरच होती. रिपोर्टाच्या क्वेरीत तारीख काढण्याआधी आशिया/कोलकाता लावलं. हे मार्चमध्येच सापडलं ते बरं झालं. ३१ मार्चच्या मध्यरात्रीनंतर निघालेलं बिल जुन्या वर्षात शिरलं असतं.

१७ मार्च, सोमवार

रिस्टोअरची रंगीत तालीम. बॅकअप "सक्सेस" दिसतो यावर मी झोपत नाही.

दिवाणजींना सांगून चाचणीसाठी ठेवलेल्या व्यापाऱ्यांच्या सगळ्या बाक्या ११:४० ला शून्य केल्या, कुठल्या ओळी बदलायच्या ते सांगणारं वेअर न लावलेल्या अपडेटनं, जसं खऱ्या आयुष्यात होतं तसं. मग ११:३९ ला परत जा असं आरडीएसला सांगितलं. काही मिनिटं थांबावं लागतं, कारण नोंदी साधारण पाच मिनिटांच्या अंतरानं बॅकअपला पोचतात. त्याच्या अलीकडच्या क्षणाला जाता येत नाही.

रिस्टोअर जुन्याच जागेवर होत नाही, नवा डेटाबेस नव्या पत्त्यावर उभा राहतो. कुठला सिक्युरिटी ग्रुप हे सांगितलं नाही तर डीफॉल्ट लागतो आणि ॲप्लिकेशन दाराबाहेर उभं राहतं. पहिल्या क्वेऱ्या रेंगाळल्या, कारण डेटा ॲमेझॉनच्या एस३ या साठवणीतून लागेल तसा ओढला जातो. बाक्या मात्र जशाच्या तशा परत. डेटाबेसचा पत्ता एका ठिकाणी बदलला की पुरे, अशी ॲप्लिकेशनची मांडणी आधीच केली होती. ती आज कामी आली. पायऱ्या लिहून कागद दिवाणजींच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला. सहकारिणीनं मला न विचारता त्यावरून एकदा करून पाहायचं, हे एप्रिलसाठी.

तालमीचा डेटाबेस पुसला. तो नुसता थांबवून ठेवला तर सात दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो आणि बिल धावायला लागतं.

शिवाय महिन्याला एकदा पीजी-डंप, म्हणजे पूर्ण डेटाबेस उतरवलेली फाइल, वेगळ्या खात्यात. एकाच खात्याच्या किल्लीवर सगळं नको.

२१ मार्च, शुक्रवार

जोडण्या. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रोसेस देतं, आणि १ जीबीच्या मशीनवर त्यांची चैन नाही. ॲप्लिकेशनचे वर्कर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या त्याच्या प्रती, कमी केले, जोडणी एक मिनिट धरून ठेवायची ठेवली. जोडण्या वाटून देणारं पीजीबाउन्सर सध्या नको.

१ एप्रिल, मंगळवार

पाडव्याला मोजक्या व्यापाऱ्यांना लिंक दिली होती. नारळ, पेढे, मालकांचं स्टेटस. आज नवं आर्थिक वर्ष. पहिलं बिल २५-२६/०००१ पहाटे ४:१० ला, गाडी हैदराबादची. तारीख १ एप्रिलच पडली. जुन्या वर्षाचं शेवटचं बिल आणि हे, दोन्ही दिवाणजींनी प्रिंट काढून शेजारी-शेजारी ठेवून तपासले. पीसीवरची एक्सेल महिनाभर सोबत चालू राहणार, हा त्यांचा आग्रह आहे आणि मला मान्य आहे.

१६ एप्रिल, बुधवार

ऊन मी म्हणतंय. दुपारी एमआयडीसीत वीज नव्हती, लूम बंद, ऑफिसात अंधार. ऑर्डरी येत होत्या. दिवाणजी दारात खुर्ची टाकून मोबाइलवर त्या बघत होते आणि गोडाउनला ओरडून माल काढायला सांगत होते. बिलं मात्र वीज आल्यावरच, कारण प्रिंटर विजेवरचा.

हळू चालणाऱ्या क्वेऱ्यांची यादी पाहिली : सर्वांत हळू निघाली ती व्यापाऱ्याची तारखेवार बाकी. व्यापारी आणि तारीख या दोन कॉलमांवर मिळून इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून सूची) टाकला, कॉन्करंटली, म्हणजे काम चालू ठेवूनच, त्यामुळे बिलं अडली नाहीत. छोट्या आवृत्तीचं अपग्रेड आपोआप, मोठ्याचं आम्ही ठरवू तेव्हा.

मालकांची नवी मागणी : तेलंगणातल्या व्यापाऱ्यांना नाव-पत्ता तेलुगूतही छापून हवा. साठवायला काहीच अडचण नाही, सगळ्या लिपी साठवणारं यूटीएफ-८ आहे. यादी कुठल्या क्रमानं लावायची एवढंच ठरवायचंय. तेलुगूचं कोलेशन वेगळं आहे. मालकांच्या आई तेलुगू वाचतात, त्यांच्याकडून यादी तपासून घ्यायची. सोमवारी.